गुडघेदुखी आणि बारा तासांची गोळी

गेल्या महिन्याच्या टपालात विदर्भातील एका वाचक भगिनींचे पत्र आले. पत्र चार पानी, अक्षर सुरेख. मजकूर मात्र रात्री सर्व मंडळी निजल्यावर घाईघाईने लिहिल्यासारखा दिसतो. त्यांच्या सासऱ्यांचे वय ८१. दोन्ही गुडघे झिजलेले, आणि शस्त्रक्रियेस हृदयाची प्रकृती आड येते. तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी दंडावर चिकटवावयाची एक पट्टी दिली. ती आठवड्यातून एकदा बदलावयाची. मामंजींस रात्रीची झोप लागू लागली, सकाळी ते तुळशीपर्यंत येऊ लागले. मग एके दिवशी धाकट्या दिरांनी वेष्टनावरील नाव वाचून ती पट्टी अफूच्या जातीची असल्याचा शोध लावला, आणि घरात जे व्हावयाचे ते झाले. थोरले चिरंजीव म्हणतात, पट्टी आजच्या आज काढून फेका. सासूबाई म्हणतात, माणूस रात्र रात्र कण्हत होता तेव्हा तुम्ही सारे कोठे होता? आणि मामंजी स्वतः भिंतीकडे तोंड करून निजून असतात, कारण या वयात आपण व्यसनी ठरलो असे त्यांच्या मनाने घेतले आहे. 'आपण वडीलधारे आहात, आम्हांस मार्ग दाखवावा,' असा पत्राचा शेवट आहे.

आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टर तर नव्हेच. मॅट्रिक होऊन, पुढे पाठशाळेत थोडे व्याकरण-काव्य शिकून, छत्तीस वर्षे मुलांकडून शब्दरूपे घोकवून घेतली, एवढेच आमचे भांडवल. औषधोपचाराविषयी या सदरात लिहावयाचे नाही असा आमचा आजवरचा नेम होता. तो आज मोडीत आहोत, याचे कारण हाच प्रसंग आमच्या घरी घडला आहे, आणि त्यात वडीलधारेपणाचा पराक्रम ज्याने गाजविला तो इसम म्हणजे प्रस्तुत लेखकच होय. ज्यांच्यावर तो प्रसंग गुदरला त्या आमच्या अक्का सुदैवाने आज हयात आहेत. लिहू का, असे त्यांस फोनवर विचारले, तेव्हा "लिही, पण किल्ली कोणाकडे होती तेही लिही," अशी त्यांनी अट घातली. ती अट आम्ही पाळणार आहो.

अक्का आमच्याहून बारा वर्षांनी मोठ्या. यजमान निवर्तल्यावर १९९९ साली त्या अमेरिकेत ओहायो राज्यात मुलाकडे राहावयास गेल्या. तेथील घरात धुण्याचे यंत्र तळघरात आणि निजावयाच्या खोल्या माडीवर. नातवंडे सांभाळीत दिवसातून दहा वेळा ते जिने चढावे-उतरावे लागत. गुडघे आधीच बोलू लागले होते, ते ओरडू लागले. प्रथम नेहमीची सूज उतरविणारी वेदनाशामके झाली. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही त्याच कुळातील. त्यांनी अक्कांच्या जठरात व्रण होऊन रक्त पडले. तेव्हा २००३ साली तेथील डॉक्टरांनी ऑक्सिकोडोन नावाच्या औषधाची, बारा तास पुरणारी गोळी चालू केली. जठरास धक्का नाही, मूत्रपिंडास त्रास नाही, सकाळी एक, रात्री एक. त्या डॉक्टरांस आम्ही नावे ठेवीत नाही. त्या काळात तेथील बहुतेकांची समजूत तीच होती, आणि ती कशी झाली ते पुढे सांगतो.

२००६ च्या वैशाखात आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलाची मुंज होती. अक्का पाच आठवड्यांसाठी आल्या. चालणे पाहून घरच्यांस आनंद झाला; काठी होती, पण माजघरातून ओसरीवर त्या आपल्या आपण येत. एक गोष्ट मात्र आमच्या सौभाग्यवतींच्या ध्यानात आली, आमच्या आली नाही. दुपारचे तीन वाजले की वन्सं घड्याळाकडे पाहू लागत, त्यांची बसण्याची जागा बदलू लागे आणि बोलणे तुटे. रात्री आठ वाजता गोळी घेतली की तासाभरात पुन्हा पूर्ववत.

चौथ्या की पाचव्या दिवशी आम्ही ती बाटली उचलून पाहिली. सोबत इंग्रजीत छापलेला कागद होता. कोश घेऊन बसलो, आणि 'ओपिऑइड' या शब्दाशी अडखळलो. ओपियम म्हणजे अफू, एवढे इंग्रजी आम्हांस पुरेसे होते.

त्या रात्री आम्ही काय बोललो ते सगळे येथे लिहीत नाही. मुंजीच्या घरात, देव्हाऱ्यापासून दहा पावलांवर, आमच्या सख्ख्या बहिणीने अफू खावी, अशा आशयाचे ते व्याख्यान होते. अक्कांनी ते निमूटपणे ऐकले. "अरे, त्या गोळीवर मी उभी आहे. ती नसती तर तुझा उंबरा मी ओलांडला नसता," एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही ते वाक्य व्यसनी माणसाचे वाक्य म्हणूनच ऐकले. बाटली पुस्तकांच्या कपाटात ठेवली, कुलूप घातले आणि किल्ली जानव्यास बांधली. "तुला बरे वाटत असेल तर ठेव," असे म्हणून अक्का निजावयास गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून त्यांस जांभयांवर जांभया येऊ लागल्या. नाक वाहू लागले, डोळ्यांस पाणी. वैशाखाच्या उन्हात अंगावर काटा उभा राही, आणि क्षणात घामाने लुगडे भिजे. रात्री पोटात पिळा येऊन जुलाब सुरू झाले. पाय एका जागी ठरेनात; अंथरुणावर त्या पाय आपटीत होत्या. घरात सर्वांनी पाणी बाधले असा निर्णय केला. सुंठ-साखर झाली, लिंबाचे सरबत झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांस उठून बसवेना, तेव्हा आमचे नेहमीचे डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकून बाहुल्या पाहिल्या आणि विचारले, "कोणते नेहमीचे औषध एकाएकी बंद केले आहे काय?"

अक्कांनी आमच्याकडे एकवार पाहिले आणि डोळे मिटून घेतले. भावाची चहाडी त्यांनी केली नाही. उत्तर दिले ते आमच्या सौभाग्यवतींनी: "डॉक्टर, गोळ्या कपाटात आहेत, आणि किल्ली यांच्याकडे आहे."

डॉक्टरांनी ओहायोस फोन लावविला, तेथील डॉक्टरांशी स्वतः बोलले, सलाईन लाविले, एक गोळी दिली आणि श्वास मोजीत तासभर उशाशी बसून राहिले. दोनच दिवस गेले होते म्हणून ते धाडस करता आले. आणखी काही दिवस लोटले असते तर शरीराची ओळख मोडते, आणि पूर्वीचीच मात्रा श्वास थांबविण्याइतकी भारी ठरू शकते, असे त्यांनी आम्हांस मागाहून समजाविले. जाताना ओसरीवर म्हणाले, "मास्तर, व्यसन निराळे आणि शरीराला लागलेली सवय निराळी. हेच औषध तुम्हांला वर्षभर दिले असते तर तुम्हांलाही हेच झाले असते."

हा भेद आम्हांस नंतर नीट वाचून कळला. अफूवर्गीय औषध काही आठवडे नेमाने पोटात गेले की कोणाचेही शरीर त्यास सरावते; ते काढून घेतले तर शरीर वरीलप्रमाणे बंड करते. यात शीलाचा संबंध नाही. व्यसन म्हणजे त्या द्रव्यासाठी जीव टाकणे. घर, काम, नाती बुडाली तरी ते न सुटणे. दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांपैकी काहींस तेही जडते, नाही असे नाही. परंतु सरावलेले सर्वच व्यसनी नव्हेत. अक्कांनी तीन वर्षांत नेमून दिल्यापेक्षा एक गोळी अधिक घेतली नव्हती.

आता मूळ पदार्थाकडे वळू. अफू चरक-सुश्रुतांस ठाऊक नव्हती. आपल्याकडे ती अरब व्यापाऱ्यांबरोबर आली, आणि वैद्यकग्रंथांत प्रथम भेटते ती शार्ङ्गधरसंहितेच्या सुमारास. संस्कृतातील 'अहिफेन', म्हणजे सापाचा फेस, हा शब्द ऐकावयास भयंकर आहे. पण तो अरबी 'अफ्यून' यास पंडितांनी चढविलेला संस्कृत वेष आहे, आणि 'अफ्यून' हा ग्रीक शब्दावरून आला, ज्याचा अर्थ साधा 'रस' असा आहे. खसखशीच्या हिरव्या बोंडास चीर दिली असता जो चीक येतो तोच हा रस. त्यातून सेर्ट्युर्नर नावाच्या जर्मन औषध-विक्रेत्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मॉर्फीन वेगळे काढले. ऑक्सिकोडोन ही याच कुळातील, जर्मनीतच १९१६ साली घडविलेली कन्या.

या साऱ्या औषधांचे काम गुडघ्यात चालत नाही, ही गोष्ट ध्यानात धरावी. झिजलेली कूर्चा, वाढलेले हाड, ढिले पडलेले मांडीचे स्नायू जेथल्या तेथे राहतात. पाठीच्या कण्यात आणि मेंदूत वेदनेचा निरोप ज्या दारांनी आत शिरतो ती दारे हे औषध लोटून घेते. काही काळाने दारे सैल होतात, म्हणजे तीच मात्रा पुरेनाशी होते. कित्येकांत तर उलटा परिणाम होऊन वेदनेची जाणीवच अधिक तीक्ष्ण होते. अक्कांची गोळी १० मिलिग्रॅमपासून निघून तीन वर्षांत ४० वर गेली होती, तीही दिवसातून दोनदा. हे ८० मिलिग्रॅम म्हणजे मॉर्फीनच्या हिशेबाने सुमारे १२०. आणि ५० च्या पुढे जाताना थांबून विचार करावा असे आज अमेरिकेतील सी.डी.सी. ही सरकारी आरोग्यसंस्था डॉक्टरांस बजावते. दुपारी तीनला घड्याळाकडे पाहणे हे त्याचेच लक्षण होते. बारा तासांची म्हणविणारी मात्रा सात-आठ तासांतच उतरत होती. डॉक्टर तीस गुडघ्याचे दुखणे समजून मात्रा वाढवीत गेले.

मग हे औषध झिजलेल्या गुडघ्यांपर्यंत पोहोचले कसे? अक्कांची गोळी कोणत्या कारखान्याची होती हे येथे अप्रस्तुत आहे. परंतु या जातीच्या गोळीचा जो इतिहास कोर्टाच्या दप्तरी नमूद आहे तो सांगण्यासारखा आहे. १९९६ साली अमेरिकेत पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकोडोनची बारा तासांची गोळी 'ऑक्सिकॉन्टिन' या नावाने बाजारात आणली. कर्करोग्यांपुरती ती राहिली असती तर पुढचा अनर्थ टळता. पण पाठ, कंबर, गुडघे यांच्या जुनाट दुखण्यांसाठीही तिचा जोराने प्रचार झाला. औषध सावकाश सुटते, सबब चटक लागण्याचा संभव कमी असे मानले जाते, अशा अर्थाचे वाक्य सरकारमान्य माहितीपत्रकातच छापलेले होते. ते २००१ साली काढावे लागले. चटकेची भीती कमी दाखवून दिशाभूल केल्याचा गुन्हा २००७ साली कंपनीशी संलग्न संस्थेने व तिच्या तिघा अधिकाऱ्यांनी कबूल केला आणि साठ कोटी डॉलरांच्या वर दंड भरला. २०२० साली कंपनीने पुन्हा गुन्हे कबूल केले.

याहून आम्हा शिक्षकांस चटका लावणारी गोष्ट एका पत्राची आहे. १९८० साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या पाच वाक्यांचे पत्र छापून आले: इस्पितळात अशी औषधे दिलेल्या ११,८८२ रोग्यांपैकी पूर्वी व्यसन नसलेल्या केवळ चौघांस ते जडल्याचे आढळले. रोगी इस्पितळातले, देखरेखीखालचे. घरी वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्यांविषयी पत्रात अक्षर नव्हते. परंतु हे पत्र पुढील सदतीस वर्षांत ६०८ ठिकाणी आधार म्हणून दाखविले गेले, आणि त्यांतील बहुतेकांनी 'चटक क्वचितच लागते' एवढेच त्यातून उचलले, अशी मोजणी त्याच नियतकालिकाने २०१७ साली छापली. न्यायशास्त्रात शब्दप्रमाणासाठी वक्ता आप्त असावा लागतो. येथे वक्त्याने जे म्हटलेच नव्हते तेच प्रमाण झाले. मूळ ग्रंथ न उघडता टीकेवरून टीका लिहिणारे शास्त्री आम्ही पाहिले आहेत, पण त्यापायी माणसे मेल्याचे ऐकले नव्हते. १९९९ ते २०२१ या अवधीत त्या देशात अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेने सहा लाखांवर माणसे दगावली. त्यांत डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या आल्या, तसेच चोरट्या बाजारातील हेरॉइन व फेंटानिलही आले.

आणि इतके करून गुडघ्यास लाभ किती? या प्रश्नाचे नीट उत्तर फार उशिरा, २०१८ साली मिळाले. मिनिॲपोलिस येथील माजी सैनिकांच्या दवाखान्यांत जुनाट पाठदुखी किंवा मांडीच्या व गुडघ्याच्या सांध्यांची झीज असलेले २४० रोगी घेऊन त्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकास अफूवर्गीय औषधे, त्यांत दुसऱ्या पायरीस दीर्घकाळ पुरणाऱ्या गोळ्या. दुसऱ्यास पॅरासिटामॉल, सूज उतरविणारी औषधे इत्यादी, आणि अगदी थोड्यांस शेवटी ट्रॅमॅडॉल. वर्षाअखेर हिंडण्याफिरण्याच्या शक्तीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. दहापैकी वेदना किती, असे विचारता अफूवाल्यांची सरासरी ४.० आणि इतरांची ३.५ आली. म्हणजे साध्या औषधांचेच रोगी किंचित बरे होते, आणि औषधाचे उपद्रवही त्यांस कमी. २०१९ साली सांध्यांच्या झिजेवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, गुडघ्यासाठी तोंडावाटे वा पट्टीने अफूवर्गीय औषध देऊ नये, असे स्पष्ट म्हटले. इंग्लंडमधील शासकीय संस्थेनेही २०२२ साली तीव्र अफूवर्गीय औषधांविषयी तोच कौल दिला.

तेव्हा नव्याने चालू करावयाचे असेल तर आमचा कल स्पष्ट आहे. आधी गुडघ्यावर चोळावयाचे सूज उतरविणारे औषध, मांडीच्या पुढल्या स्नायूंचा रोजचा व्यायाम, दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात काठी, आणि वजन. एक किलो वजन घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे मोजमापाने ठरले आहे. आमच्या घरांतून श्रीखंडाची वाटी पुढे सरकवून वर गुडघ्यास तेल चोळण्याची जी चाल आहे तिचा या निमित्ताने विचार व्हावा. प्रकृती सोसत असेल तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आहे. कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर आपल्या सरकारने २०१७ साली मर्यादा घातल्यापासून तिचा खर्चही उतरला. आपल्याकडे गुडघ्यांसाठी सर्रास मिळणारे ट्रॅमॅडॉलही याच कुळातील दूरचे नातलग आहे आणि २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे, हेही मंडळींस ठाऊक असावे. त्याने मळमळ, भोवळ येते, क्वचित झटके येतात. मनोविकारावरील काही औषधांशी त्याचे जमत नाही.

परंतु औषध चालू असेल तर? त्याचे उत्तर आम्हांस ज्या कपाटात गोळ्या कोंडल्या होत्या त्याच कपाटात सापडले. अक्का परत गेल्यावर कुलूप काढले तेव्हा चरकसंहितेचा खंड हाती आला. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात, अंगवळणी पडलेली अहितकर गोष्टही एकदम सोडू नये, पाव-पाव भागाने क्रमाक्रमाने सोडावी, असे सांगितले आहे. एकदम सोडल्यास विकार होतात. हा अध्याय आम्ही दोन वेळा विद्यार्थ्यांस शिकविला होता. चरकांस आधुनिक गोळ्या ठाऊक होत्या असे म्हणावयास आता कोणी पुढे येऊ नये. त्यांस माणसाचे शरीर ठाऊक होते. अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने, एफ.डी.ए.ने, २०१९ साली जाहीर इशारा दिला तो हाच: अशी औषधे एकाएकी तोडू नयेत. वर्षाहून अधिक काळ घेणाऱ्याची मात्रा महिन्यास दहा टक्के किंवा त्याहूनही सावकाश कमी करावी, असे सी.डी.सी. २०२२ च्या मार्गदर्शनात सांगते. अक्कांची गोळी ओहायोत त्यांच्या डॉक्टरांनी चौदा महिन्यांत उतरविली. पुढे त्यांचे दोन्ही गुडघे बदलले. मधले महिने सुखाचे गेले नाहीत, असे त्या सांगतात.

एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. अफू म्हणताच अंग चोरणारे आम्ही, कर्करोगाने तळमळणाऱ्या माणसासही मॉर्फीन नको म्हणतो. १९८५ च्या कडक कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात आपल्या देशातील कित्येक रुग्णालयांत मॉर्फीन मिळेनासे झाले. नीमच व गाझीपूर येथे सरकारी कारखान्यांत अफूवर प्रक्रिया व्हावी, आणि त्याच देशातील रोग्याने शेवटचे दिवस ओरडत काढावे, अशी ती स्थिती होती. केरळात १९९३ पासून कोझिकोड येथे डॉ. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचे काम उभे केले, आणि २०१४ साली कायदा सुधारला. गुडघ्यास जे देताना दहादा विचार करावा, तेच कर्करोगाच्या वेदनेस देताना रोग्यास तिष्ठत ठेवू नये.

आता पत्रलेखिका भगिनींस. आपल्या मामंजींची पट्टी कोणीही ओढून काढू नये. थोरल्या चिरंजीवांनी तर नाहीच. सर्वांनी मिळून डॉक्टरांकडे जावे आणि विचारावे: मात्रा किती आहे, वाढत चालली आहे काय, मूत्रपिंडाची तपासणी केव्हा झाली, झोपेची गोळी सोबत चालू आहे काय. हे शेवटचे विशेष महत्त्वाचे, कारण दोहोंनी मिळून श्वास मंदावतो. पट्टीने त्यांचे हिंडणे खरोखर वाढले असेल, मात्रा थोडी असेल आणि शस्त्रक्रियेचा मार्ग बंद असेल, तर डॉक्टर ती देखरेखीखाली चालू ठेवतील. नसेल तर महिन्यामहिन्याने उतरवतील. दोन्हींत लाज वाटण्याजोगे काही नाही, हे मामंजींस आपण नव्हे, थोरल्या चिरंजीवांनी सांगावे.

मलावरोध होतोच, आणि औषधाच्या इतर त्रासांप्रमाणे तो सवयीने जात नाही; त्याचे रेचक पहिल्या दिवसापासून हवे. रात्री लघवीस उठताना भोवळ येऊन पडण्याची भीती असते, तेव्हा वाटेत दिवा असावा आणि पायपुसणे नसावे. पट्टी गुडघ्यावर लावू नये. कित्येक घरांतून ती लेपासारखी दुखऱ्या जागी चिकटवितात. तिची जागा दंड, छाती किंवा पाठ. तीवर शेकण्याची पिशवी कदापि ठेवू नये, कडकडीत पाण्याची धार घेऊ नये. उष्णतेने औषध एकदम अंगात उतरते. अंगात ताप भरला तरी डॉक्टरांस कळवावे. पट्टीऐवजी पुढे दीर्घकाळ पुरणारी गोळी मिळाली, तर वृद्ध माणसास गिळवत नाही म्हणून ती खलात घोटून मधातून देण्याची आपली जुनी रीत येथे प्राणावर बेतेल. बारा तासांचे औषध एका घोटात पोटात जाईल. माणूस हाक मारून जागे होईना, घोरणे निराळेच वाटू लागले, श्वास अंतरा-अंतराने येऊ लागला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

उतरविलेल्या पट्टीतही औषध शिल्लक असते. आपल्या पत्रावरून घरात दोन लहान नातवंडे दिसतात. चिकट बाजू आत करून पट्टी दुमडावी, आणि ती मुलांच्या हाती लागेल अशा केरात टाकू नये. टाकण्याची रीत औषध देणाऱ्यास विचारून घ्यावी. नव्या पट्ट्या कुलपात ठेवाव्या. किल्ली सासूबाईंकडे द्यावी.